थोरली, मधली आणि धाकटी

आक्काचा सगळ्यात आधी गेला तो 'चमचा'.

सकाळची वेळ होती. दुधात साखर घालून तिनं वहिनीकडे हात पुढे केला आणि म्हणाली, "छत्री दे." दादा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "देतो, पण तिनं दूध ढवळायचं कसं ते सांग." आक्का हसली. पुन्हा मागायला गेली, तर पुन्हा छत्रीच आली तोंडातून. तिसऱ्यांदा काहीच आलं नाही. उजवा हात ओल्या कापडासारखा जड झाला, पेला कलंडला, आणि टेबलावरून दुधाचा ओघळ वहिनीच्या पायापर्यंत आला तरी वहिनी आक्काच्या तोंडाकडेच बघत राहिली. मग भानावर येऊन फोनकडे धावली.

मेंदूतल्या एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती, असं डॉक्टर म्हणाले. हाताचं जडपण हळूहळू उतरलं. चालणं सुधारलं. शब्दांनी मात्र पाठ फिरवली ती फिरवलीच. अगदीच गेले असंही नाही. समोरच्या फुटपाथवरून ओळखीचं माणूस जावं, चेहरा नीट दिसावा, त्याच्या घरी आपण जेवलेलो आहोत हेही आठवावं आणि नाव तेवढं सुचू नये, तसं तिचं होई. दुपारभर ती पलंगावर पडून खिडकीच्या चौकटीतून उन्हाचा पट्टा भिंतीवर चढताना बघायची. त्या पट्ट्यातून शब्द धुळीच्या कणांसारखे तरंगत जायचे. मूठ मिटली की हाती काही नाही.

वाचा शिकवायला येणारी बाई मोठी गोड बोलायची. ती म्हणाली, "आक्का, तुमचे शब्द कुठे गेलेले नाहीत. त्यांच्याकडे जायची तुमची वाट तेवढी बुजली आहे. हाक मारून ते यायचे नाहीत. पण समोर दिसले, तर तुम्ही ओळखाल."

आक्कानं मान हलवली. तिला ते कळलं होतं. कळायचं सगळंच, म्हणून तर जीव जास्त तुटायचा.

कारण आक्काचं सगळं आयुष्य हाका मारण्यात गेलं होतं. तिचं काम होतं शहराच्या सार्वजनिक वाचनालयातले सर्व्हर सांभाळण्याचं. सर्व्हर म्हणजे इतर कॉम्प्युटरांना हवं ते पुरवत दिवसरात्र जागी राहणारी यंत्रं. पुस्तकं बांधायच्या खोलीच्या मागे, खळीचा वास येणाऱ्या एका लांबट खोलीत अशी तीन यंत्रं होती. त्यांना आक्कानंच नावं दिली होती : थोरली, मधली आणि धाकटी. पुस्तकांची यादी आणि चित्रं थोरलीकडे, सभासदांची देवघेव मधलीकडे, आणि दोघींच्या सामानाची रोज सकाळी घेतलेली नक्कल धाकटीकडे. सगळं वाचनालय याच भाषेत बोलायचं. "मधली आज फुगून बसली आहे." "धाकटीचं पोट भरलं वाटतं." नव्या सभासदांना वाटे, आक्काला तीन मुली आहेत आणि तिघी अंमळ हट्टी आहेत.

ज्या वर्षी वाचनालयानं कार्डांची लाकडी कपाटं विकली, त्या वर्षी आक्का या खोलीत आली. त्या कपाटांच्या खणांना जुन्या कागदाचा आणि बोटांच्या घामाचा मिळून एक वास होता. ती विकली गेली तेव्हा आक्काच सगळ्यात जास्त हळहळली, आणि नवीन यंत्रापुढे सगळ्यात आधी जाऊन बसली तीही आक्काच. पडदा काळा, त्यावर हिरवी अक्षरं. एका मासिकाबरोबर चकती आली होती, तिच्यात यंत्र चालवणारी एक प्रणाली होती, आणि तिची गंमत अशी की तिला कुणी एक मालकच नव्हता. कधी न भेटलेल्या माणसांनी ती मिळून लिहिली होती. ज्याला हवी त्यानं घ्यावी, उघडून आत डोकवावं, बिघडलं तर नीट करावं आणि नीट केलेलं पुढच्याला द्यावं. "आपण पुस्तकांचं तरी वेगळं काय करतो?" असं आक्का तेव्हाच्या ग्रंथपालांना म्हणाली होती. त्यांना ते इतकं पटलं की त्यांनी स्वतः तिच्यासाठी खुर्ची उचलून आणली.

त्या काळ्या पडद्याला घरीदारी 'काळी खिडकी' म्हणत. तिच्यात चित्र नव्हतं की बटण नव्हतं. आपण शब्द लिहायचा आणि यंत्रानं तो ऐकायचा. आखूड, तुटक शब्द, लहान मुलाला सांगावं तसे : बघ, ने, आण, थांब, उठ. शब्द माहीत असेल तर सगळं घर तुमचं, नसेल तर दारही दिसायचं नाही. आक्काला ते घर पाठ होतं. दिवे गेलेल्या आपल्याच घरात माणूस जसा हात न लावता टेबलाला वळसा घालून जातो, तशी ती त्या अंधारात फिरायची. कुठे पायरी आहे, कुठे दार करकरतं, कुठल्या कोनाड्यात काय ठेवलंय, सगळं तिला बोटांच्या टोकांनी ठाऊक. पुष्कळदा डोळे मिटूनच लिहायची. त्या अंधारात तिला कधी भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर उजेडातल्या जगापेक्षा तिथे तिला जास्त करमायचं.

वहिनीला मात्र ती काळी खिडकी पहिल्यापासून बघवायची नाही. वहिनीही त्याच वाचनालयात, देवघेवीच्या खिडकीशी. दोघी एकत्र निघायच्या, एकत्र परतायच्या आणि वाटेत भांडायच्या. वहिनीचं म्हणणं साधं होतं. अशा सर्व्हरांसाठी आता चित्रांचे फलक मिळतात, तेही फुकट, तसेच बिनमालकीचे. कुठलं यंत्र ठीक आहे, कुठलं अडलंय, सगळं डोळ्यांना दिसतं. एक बटण दाबलं की झालं. शिपायापासून ग्रंथपालांपर्यंत कुणालाही जमेल.

"चित्रं बघायची हौस असेल तर बालविभागात जाऊन बस, वहिनी," आक्का म्हणायची.

"बसेन की. तुमच्या काळ्या खिडकीत मला तर माझंच तोंड दिसतं, दुसरं काही दिसत नाही."

"मग बिघडलं काय? चांगलं तोंड आहे."

अशी वर्षं गेली. वहिनीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे आक्कालाही आतून ठाऊक होतं. पण कुणालाही जमेल असं झालं तर आपली ती अंधारातली वाट चव्हाट्यावर येईल, असं तिला वाटायचं. म्हणून ती हसण्यावारी न्यायची.

आजारपणाच्या तिसऱ्या महिन्यात ग्रंथपालबाई घरी आल्या. आक्काहून पुष्कळ लहान, बोलायला मऊ. फळं आणली होती. इकडचंतिकडचं झाल्यावर त्यांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा : विश्वस्तांचं म्हणणं पडलंय की यंत्रं सांभाळणारं कुणी उरलं नाही, तर वाचनालयाचं सगळं सामान बाहेरच्या एका कंपनीच्या यंत्रांवर न्यावं आणि ती खोली मोकळी करावी. वार्षिक सभेत ठरेल. तोवर आक्का पुन्हा त्या खुर्चीत बसू शकली तर प्रश्नच नाही. नाही जमलं तर तिला कुणी बोल लावणार नाही.

बाई गेल्यावर आक्का भिंतीकडे तोंड करून पडली. तिघी जाणार. खोली रिकामी होणार. आणि आपण? ह्या पलंगावर, ह्या भिंतीपुढे, धुळीचे कण मोजत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वहिनीच्या आधी पायात चपला घालून दारात उभी होती.

खोलीत तोच खळीचा वास, तीच घुमघुम. तिघी आपापल्या जागी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गुणगुणत होत्या. आक्कानं थोरलीच्या अंगावर तळवा ठेवला. कोमट लागलं. ती खुर्चीत बसली आणि तिनं काळी खिडकी उघडली. यंत्रानं पासवर्ड विचारला. आक्काला तो आठवत नव्हता, पण बोटांना आठवत होता. बोटं आपली आपण चालली आणि दार उघडलं.

मग काहीच नाही.

हिरवी खूण लुकलुकत राहिली. ती आक्काच्या शब्दाची वाट बघत होती. आक्का तिच्याकडे बघत होती. हे घर तिचंच होतं, उंबऱ्यावर ती उभी होती, आणि आत पाऊल टाकायला लागणारा एक शब्द तिच्यापाशी नव्हता. तिनं काहीतरी लिहिलं. यंत्रानं सांगितलं, असा शब्द मला ठाऊक नाही. तिनं दुसरं लिहिलं. तेही ठाऊक नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिला कळलंही नाही. वहिनीनं मागून येऊन पदराच्या टोकानं ते पुसलं, तेव्हा कळलं.

"सरका जरा," वहिनी म्हणाली. "रडायचं असेल तर तिकडे बसून रडा. मला काम आहे."

वहिनीनं एक पान उघडलं. पांढरं, उजेडाचं. आक्कानं डोळे आक्रसले. पानावर तीन चौकटी होत्या आणि त्यांवर लिहिलं होतं : थोरली, मधली, धाकटी. प्रत्येकीपाशी हिरवा ठिपका. थोरलीच्या चौकटीत एक रेघ पाण्यावरच्या तरंगासारखी वरखाली होत सरकत होती, ती किती काम करतेय ते दाखवत. मधलीपाशी एक कडं होतं, अर्धंअधिक भरलेलं. तिचं पोट किती भरलं ते सांगणारं. आणि खाली बटणं होती. आक्का पुढे वाकली. पहिल्या बटणावर लिहिलं होतं, 'झोपवून उठव.' दुसऱ्यावर, 'कुठे अडलंय बघ.' तिसऱ्यावर, 'कालचं परत आण.'

आक्कानं त्या शब्दांवरून बोट फिरवलं. झोपवून उठव. हे तर तिचेच शब्द. मधली अडून बसली की ती म्हणायची, थांब, हिला जरा झोपवून उठवते. वाट बुजलेली होती, पण शब्दच चालत दारात येऊन उभे राहिले होते, आणि तिनं त्यांना ओळखलं.

"हे... तू?" ती म्हणाली.

मग वहिनीनं सांगितलं. आक्का दवाखान्यात होती तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून बसून वहिनीच्या डोक्याचा भुगा व्हायची वेळ आली होती. तेव्हा तिनं मांडीवर कॉम्प्युटर घेतला आणि फलक मागवला. त्यावरचे मूळ शब्द सरकारी परिपत्रकासारखे होते. पण फलकाला मालक नव्हता, त्यामुळे शब्द बदलायला कुणाला विचारायचं नव्हतं. दादा घरून डबा घेऊन यायचा आणि दोघं मिळून आठवायची, आक्का याला काय म्हणते, त्याला काय म्हणते.

"तिथे 'सेवा पुनर्प्रारंभित करा' असं लिहिलं होतं," वहिनी म्हणाली. "तुम्ही धडधाकट असताना तुम्हाला कळलं नसतं, मग आता काय कळणार होतं?"

त्या दिवसापासून आक्का रोज येऊ लागली. आधी नुसती बघत बसायची. आयुष्यभर जे घर अंधारात चाचपलं, त्यात कुणीतरी दिवे लावले होते. खोल्या तिला वाटल्या होत्या त्याहून लहान निघाल्या. जिथे लांबच लांब बोळ आहे असं तिला वाटायचं, तिथे एक ठेंगणं कपाट होतं. थोडं वाईटही वाटलं. अंधारातलं घर जास्त मोठं होतं, जास्त तिचं होतं. पण उजेडात ते दुसऱ्या कुणालाही दिसत होतं, वहिनीलाही, आणि त्यातही काही सुख होतं. दोघी शेजारी बसून बघायच्या, गच्चीवरून गाव बघावं तसं.

हळूहळू ती बटणं दाबू लागली. मधली अडली, झोपवून उठवली. धाकटीचं कडं काठोकाठ भरलं, जुन्या नकला आवरल्या. काही काढून टाकायची वेळ आली की फलक थांबायचा आणि विचारायचा, 'हे जाईल. नक्की?' प्रत्येक वेळी. आक्काला आधी त्याचा राग यायचा. मी काय कुकुलं बाळ आहे? पण शब्द परतत होते. पाहुण्यांसारखे, न सांगता. एक दिवस घरी ती दुधाचा पेला घेऊन म्हणाली, "चमचा." दादानं पेपर खाली ठेवला आणि घरातले होते नव्हते तेवढे चमचे आणून तिच्यापुढे मांडले.

माणसाला जरा बरं वाटलं की तो पथ्य मोडतो. आक्का त्याला अपवाद नव्हती.

बालविभागात दर वर्षी मुलं आपल्या आवडत्या पुस्तकाला स्वतः मुखपृष्ठ काढायची. ती चित्रं यंत्रात उतरवून थोरलीकडे ठेवायची आणि मूळ कागद मुलांना परत द्यायचे, अशी रीत होती. कितीतरी वर्षांची चित्रं होती ती. ज्यांनी पहिली काढली त्यांची मुलं आता काढत होती. थोरलीकडे जागा उरली नव्हती, म्हणून तो सगळा गठ्ठा मधलीकडे हलवायचा होता. फलकातून ते होणार होतं, पण फलक सावकाश चालतो. काळ्या खिडकीत एका दमात झालं असतं, एका शब्दात. आणि तो शब्द आक्काला त्या दुपारी आठवला. म्हणजे तिला तसं वाटलं.

वहिनी देवघेवीला गेली होती. वाचनकक्ष शांत होता. उन्हात पंख्याची सावली गरगरत होती. आक्कानं काळी खिडकी उघडली. किती दिवसांनी तो मऊ अंधार डोळ्यांवर आला. तिनं सवयीनं डोळे मिटले. आपण गठ्ठा दोन्ही हातांवर उचललाय आणि ओळखीच्या बोळातून मधलीकडे निघालोय, असं तिला दिसलं. बोटं चालली. ती थांबली, डोळे उघडले. खिडकी गप्प होती. काम झालं की गप्प बसायचं, चुकलं तरच बोलायचं, हा काळ्या खिडकीचा जुना शिरस्ता. आक्काला तो फार आवडायचा.

तिनं मधलीकडे जाऊन बघितलं. चित्रं नव्हती. थोरलीकडे येऊन बघितलं. तिथेही नव्हती.

मग तिनं वर लिहिलेला शब्द वाचला. समोर आला तसा ओळखला. तिला 'हलव' म्हणायचं होतं. तिच्या बोटांतून आलं होतं 'काढून टाक'.

घरात ती छत्री म्हणाली तरी तिच्या हातात चमचा मिळायचा. वहिनी तोंडाकडे बघायची आणि उमजायची. इथे जे मागितलं तेच मिळालं होतं.

वहिनी परत आली तेव्हा आक्का फलकापुढे बसून थोरलीच्या रिकाम्या झालेल्या कड्यावर बोट ठेवून होती. बोलता येत नव्हतं. आलेले सगळे शब्द पाखरांसारखे भुर्रकन उडाले होते. वहिनीनं कडं पाहिलं, उघडी काळी खिडकी पाहिली, तिच्यातला तो शब्द पाहिला. काही न विचारता तिनं 'कालचं परत आण' दाबलं. धाकटीच्या पोटातून चित्रं एकेक करून वर येऊ लागली. पाण्यातून दिवे वर यावेत तशी. दाढीवाला सूर्य, तीन पायांचा घोडा, घर आणि घराहून मोठी आई. दोघी शेवटचं येईपर्यंत बघत राहिल्या.

आजचं, सकाळच्या नकलेनंतर आलेलं एक चित्र मात्र आलं नाही. एका लहान मुलीचा निळा हत्ती. बालविभागातल्या बाईनं तो दुपारीच उतरवून घेतला होता आणि कागद घेऊन ती मुलगी घरी गेली होती.

"आली ना बाकीची?" वहिनी म्हणाली. "हत्ती पुन्हा मागवता येईल. ग्रंथपालबाईंना सांगायची काही गरज नाही."

आक्कानं मान हलवली. नाही.

"वन्सं, ऐका माझं." रागावली की वहिनी वन्सं म्हणायची. "परवा सभा आहे. हे कळलं तर तिघींना न्यायला गाडी येईल. मला ती खुर्ची नकोय. मला तुम्ही हव्यात त्या खुर्चीत. घरी बसून भिंतीकडे बघाल तुम्ही. मी पाहिलंय तुम्हाला तसं बघताना, मला पुन्हा नाही बघवायचं."

संध्याकाळी दोघी न भांडता घरी आल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वाटेतल्या दुकानांचे दिवे लागत होते आणि आक्काला ते फलकावरच्या ठिपक्यांसारखे वाटत होते, हिरवे, लाल, राखाडी. आपला कुठला, ते ती शोधत होती.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाई खोलीत आल्या. उद्या सभेत काय सांगायचं ते त्यांना हवं होतं. आक्काची तब्येत बघून त्यांना बरं वाटलं, तसं त्या म्हणाल्या, आणि वहिनीनं घाईघाईनं फलक दाखवायला सुरुवात केली. हे बघा, किती सोपं. आक्कानं तिच्या हातावर हात ठेवला.

"मी... काढलं," ती म्हणाली. "मुलांचं. हलव... म्हणायचं. आलं... काढ."

बाईंना कळायला वेळ लागला. मग वहिनीनंच, खाली बघत, सगळं सांगितलं. हत्तीचंही सांगितलं.

"मग मी सभेला काय सांगू, आक्का?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

आक्कानं माउस हातात घेतला. फलकाचं एक पान होतं, जिथे खोलीत वावरणाऱ्या प्रत्येकाचं नाव होतं आणि नावापुढे त्याला काय काय करता येईल ते. आक्काच्या नावापुढे पहिल्या दिवसापासून एकच ओळ होती : 'सगळं करू शकते.' ते दुसऱ्या कुणालाच नव्हतं. आक्कानं आधी वहिनीच्या नावापुढची 'सगळं करू शकते'ची कळ सरकवली. ती निळी झाली. मग स्वतःच्या नावापाशी आली.

"अहो आक्का, काय करताय?" वहिनी म्हणाली.

फलकानं विचारलं : 'यानंतर काळी खिडकी तुमच्यासाठी बंद होईल. काही काढायचं किंवा हलवायचं असेल तर परवानगी लागेल. नक्की?'

आक्कानं ते बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं. त्या अंधारात तिचं सगळं तरुणपण होतं. खळीचा वास होता, हिरवी अक्षरं होती, डोळे मिटून चाललेले बोळ होते. आज पाऊल मागे घेतलं की तिथे तिला पुन्हा एकटीनं जाता येणार नव्हतं. ती पानाच्या कोपऱ्यातल्या काळ्या खिडकीकडे बोट करून बाईंना म्हणाली, "ती विचारत नाही." मग उजेडाच्या पानावर बोट टेकवलं. "हे विचारतं. मला... विचारायला हवं." एवढे शब्द सलग आलेले बघून तिचं तिलाच नवल वाटलं.

आणि तिनं 'हो' दाबलं. कोपऱ्यातली काळी खिडकी पानावरून पुसट होत गेली आणि नाहीशी झाली. वहिनीनं तोंड फिरवलं. ग्रंथपालबाई उठल्या, आक्काच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हेच सांगते मग. जसं झालं तसं." आणि गेल्या.

सभेत पुष्कळ चर्चा झाली म्हणतात. एका विश्वस्तांना ते मुळीच पटलं नव्हतं. पण चूक करणारं माणूस चूक सांगतं आणि स्वतःच्या हातानं स्वतःला कडी घालतं, आणि चुकल्यावर सगळं एका बटणावर परत येतं, तर बाहेरच्यांच्या दारात कशाला जायचं, असं बाईंनी विचारलं. तिघी राहिल्या. खोलीत आणखी एक टेबल आलं, वहिनीचं.

निळ्या हत्तीचा कागद घडी पडून का होईना, परत मिळाला. त्यानंतर एका दुपारी आक्कानं मुलांच्या चित्रांचा तो गठ्ठा पुन्हा हातात घेतला. फलकावर थोरलीच्या चौकटीतून उचलला, मधलीच्या चौकटीपर्यंत ओढत नेला आणि सोडला. फलक म्हणाला, परवानगी मागितली आहे. पलीकडच्या टेबलावर वहिनीच्या पडद्यावर काहीतरी लुकलुकलं.

वहिनीनं चष्मा पुसला. कागद सारखे केले. पाण्याचा घोट घेतला.

"वहिनी," आक्का म्हणाली.

"थांबा. वाचू तर द्या मला. आयुष्यात पहिल्यांदा नणंद काही मागतेय, घाईनं कशी देऊ?"

आक्का खुर्चीत मागे रेलली. वहिनीनं सगळं सावकाश वाचलं, मग म्हणाली, "दिली."

थोरलीकडून मधलीकडे एक बारीक निळी रेघ उमटली आणि तिच्यावरून चित्रं निघाली, ओढ्यात सोडलेल्या पानांसारखी, एकामागून एक. घोडा गेला. सूर्य गेला. घराहून मोठी आई गेली. या घरातलं सामान आक्कानं जन्मभर इकडचं तिकडे केलं होतं, पण ते जाताना कसं दिसतं ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. वहिनी आपली खुर्ची ओढून तिच्याजवळ आली. सगळ्यात शेवटी निळा हत्ती पलीकडे पोचला, तो दोघींनी मिळून पाहिला.